अॅम्बॅसेडरच्या चुलत बहिणी

ज्या मिस्त्रीने आयुष्यभर अॅम्बॅसेडर खोलल्या आणि जोडल्या, त्याला १९५५ सालच्या एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे बोनेट उघडून दाखवा. अशी गाडी त्याने पूर्वी कधी पाहिलेली नसेल, पण इंजिन पाहून तो बिचकणार नाही. टॅपेटचे झाकण कुठे, डिस्ट्रिब्युटर कुठे, फॅन बेल्ट कसा ताणायचा, हे त्याच्या हातांना ठाऊक असते. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे ‘बी सीरिज’ नावाचे १,४८९ सीसीचे इंजिन दोन्हीकडे आहे. आपल्याकडे ते १९५९च्या सुमारास अॅम्बॅसेडरमध्ये आले आणि कलेक्टर, आमदार, लग्नाची वऱ्हाडे यांना घेऊन गावोगाव हिंडले. इंग्लंडमध्ये त्याला एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर लावले, ते ७० अश्वशक्तीच्या आसपास नेले, वर एक बुटके, वळणदार अंग चढवले आणि त्याच इंजिनावर एमजीए विकायला सुरुवात केली. पुढे इंजिन थोडे मोठे होत गेले, घराणे तेच राहिले, आणि एकूण एक लाखाहून अधिक एमजीए बनल्या.

ब्रिटिश स्पोर्ट्स कारबद्दल भारावून बोलणारी माणसे सहसा तिचे रूप, तिचा आवाज आणि शर्यतींमधले विजय यांबद्दल बोलतात. नोकरीच्या निमित्ताने मी इंग्लंडच्या मिडलँड्स भागात बरीच वर्षे राहिलो. यातल्या बऱ्याच गाड्यांची जन्मभूमी तीच. आधी एक एमजी मिजेट आणि नंतर क्रोमच्या बंपरची एमजीबी मी हौसेने बाळगली. त्या काळात माझे एक मत पक्के झाले. या गाड्या मोठ्या झाल्या त्या त्यांच्यातल्या अगदी सामान्य, बाजारू भागांमुळे. त्यांच्यात गूढ असे काही नव्हते, म्हणून पगारदार माणसाला त्या घेता आल्या. आणि त्याच कारणाने साठ वर्षांनंतरही त्या रस्त्यावर आहेत.

हे सामान्यपण किती खोलवर होते ते पाहा. १९५८ साली आलेल्या ऑस्टिन-हीली स्प्राइटला तिच्या वर आलेल्या दिव्यांमुळे लोक ‘फ्रॉगआय’, म्हणजे बेडूकडोळी, म्हणू लागले. तिचे ९४८ सीसीचे इंजिन ऑस्टिनच्या छोट्या कौटुंबिक गाडीचे, स्टिअरिंग मॉरिस मायनरचे. दिवे खरे तर लपणारे, वर उचलले जाणारे असणार होते. खर्च वाचवायला ते कायमचे वर बसवले आणि त्या काटकसरीतून जगातला एक अत्यंत लोभस चेहरा तयार झाला. तिला मागे डिकीचे झाकण नाही. सामान ठेवायचे तर सीट पुढे पाडून आत वाकायचे. दाराला बाहेरून मूठही नाही. खिडकीतून हात घालून आतली खिटी ओढायची. तिचा कर्ता डोनाल्ड हीली हा कॉर्नवॉलचा, १९३१ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेला गडी. त्याला गती कळत होतीच, पण पाउंड-शिलिंगचा हिशेबही कळत होता.

ट्रायम्फची टीआर-२ आली १९५३ साली. तिचे इंजिन स्टँडर्ड व्हॅनगार्ड या जाडजूड सलूनचे, आणि त्याच घराण्यातले इंजिन फर्ग्युसनच्या करड्या ट्रॅक्टरमध्ये बसत असे. शर्यतीच्या दोन लिटरच्या गटात बसावे म्हणून ते किंचित लहान करून १,९९१ सीसीवर आणले, एवढेच. त्यातले लायनर बाहेर काढून नवे बसवता येतात, त्यामुळे ब्लॉक बोअर करायला लेथवर न्यावा लागत नाही. शेतात नांगर ओढणाऱ्या यंत्रातही असलेली ही सोय पुढे टीआर बाळगणाऱ्यांच्या पिढ्यांना उपयोगी पडली. १९६२ची ट्रायम्फ स्पिटफायर तर आपल्या आणखी जवळची. ती उभी राहिली ट्रायम्फ हेराल्डच्या चेसिसवरून, आणि हेराल्ड म्हणजे मद्रासमध्ये बनलेली आपली स्टँडर्ड हेराल्ड. दोन्हींचे बोनेट बिजागरीवर सबंध पुढे कलते, चाकांसकट पुढचा सगळा भाग उघडा पडतो. दुरुस्तीला बसण्यासाठी स्पिटफायरच्या चाकाइतकी चांगली बैठक दुसरी नाही.

या सगळ्यात जॅग्वार अपवाद. तिथे इंजिन खास घडवले गेले. महायुद्धात कॉव्हेंट्रीवर बाँब पडत असताना विल्यम हेन्स आणि त्याचे सहकारी कारखान्याच्या छपरावर आगीवर नजर ठेवत रात्री जागवायचे, आणि त्या जागरणात त्यांनी दोन कॅमशाफ्टच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाची चर्चा केली. तेच एक्सके इंजिन. ते खरे तर मोठ्या सलूनसाठी होते. ती सलून तयार व्हायची होती, म्हणून १९४८च्या लंडनच्या प्रदर्शनात इंजिन दाखवायला घाईघाईने एक स्पोर्ट्स कार रचली: एक्सके १२०. लोकांची झुंबड उडाली. पुढच्याच वर्षी बेल्जियममध्ये याबेक्केच्या सरळ रस्त्यावर तिने ताशी १३२ मैल, म्हणजे २१३ किलोमीटरची गती नोंदवली आणि शंकेखोरांची तोंडे बंद केली. ते इंजिन १९९२पर्यंत बनत राहिले. १९६१ची ई-टाइप त्याच इंजिनावर आली, ताशी १५० मैलांचा दावा करत, साधारण २,००० पाउंडांना. त्या गतीच्या इतर गाड्यांना याच्या दुप्पट आणि अधिक पैसे पडत. जिनिव्हाच्या प्रदर्शनात चक्कर मारायला रांगा लागल्या, तेव्हा कंपनीचा चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस दुसरी गाडी घेऊन कॉव्हेंट्रीहून रातोरात जिनिव्हाला पोचला होता. म्हणजे जॅग्वारनेही शेवटी केले तेच: दुसऱ्याच्या निम्म्या किमतीत गाडी.

या गाड्या जगभर पसरल्या त्यामागे प्रेमापेक्षा देशाची रिकामी तिजोरी होती. युद्धाने ब्रिटन कर्जबाजारी झाला होता. डॉलर हवे होते. सरकारने पोलादाचा कोटा निर्यातीशी बांधला. माल परदेशी पाठवाल तर पत्रा मिळेल. इंग्लंडमध्ये तळ ठोकलेल्या अमेरिकन सैनिकांनी छोट्या एमजी पाहिल्या होत्या. १९४५ ते १९४९ या काळात बनलेल्या एमजी टीसीची संख्या अवघी १०,००० आणि त्यातल्या जेमतेम २,००० अमेरिकेत गेल्या. शिवाय टीसी फक्त उजव्या हाताच्या स्टिअरिंगचीच मिळे. तरीही त्या मूठभर गाड्यांनी अमेरिकेला दोन सीटांच्या उघड्या गाडीचे वेड लावले. पुढच्या तीस वर्षांत ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डन या छोट्या गावातल्या एमजीच्या कारखान्यातून निघालेल्या बहुतेक गाड्या अमेरिकेला गेल्या. एकट्या एमजीबीची संख्या १९६२ ते १९८० मध्ये ५ लाखांवर गेली.

आता अशी गाडी प्रत्यक्ष बाळगणे म्हणजे काय, ते सांगतो.

पहिला प्रश्न पान्यांचा. एमजीबीला इंचातले साधे पाने चालतात. टीसीसारख्या जुन्या गाडीला व्हिटवर्थ पाने लागतात, आणि त्यावरचा आकडा बोल्टच्या डोक्याचा नसून दांड्याच्या जाडीचा असतो, त्यामुळे नवशिका हमखास चुकीचा पाना उचलतो. टीसीच्या इंजिनाची आणखी एक गंमत आहे. एमजीला इंजिने पुरवणाऱ्या मॉरिसने १९२३ साली कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना घेतला, तेव्हा यंत्रेही फ्रेंच मापाची आली. त्यावर मेट्रिक आटे पडत. इंग्लंडमधल्या गॅरेजांत मेट्रिक पाने कुठले! मग आटे मेट्रिक आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ, असा संकर दशकानुदशके चालू राहिला. तुटलेल्या बोल्टच्या जागी दुकानातला कुठलाही बोल्ट घुसवणाऱ्या किती मालकांनी त्यात ब्लॉकचे आटे मारले असतील, कोण जाणे.

दुसरा विषय कार्ब्युरेटरचा, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. या गाड्यांवर बहुतेक वेळा एसयू कार्ब्युरेटर असतात. हे दोन अक्षरांचे नाव स्किनर बंधूंवरून आले. स्किनर घराणे लंडनचे जोडे विकणारे, आणि त्यांच्या पहिल्या कार्ब्युरेटरमध्ये चक्क चामड्याचा भाता होता. नंतर भात्याच्या जागी धातूचा पिस्टन आला. एसयूची युक्ती फार सुंदर आहे. इतर कार्ब्युरेटरमध्ये हवेची वाट ठरावीक रुंदीची असते आणि वेगवेगळ्या गतींसाठी वेगवेगळे जेट लागतात. एसयूत हवेची वाटच कमी-जास्त होते. अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाच्या ओढीने पिस्टन वर उचलला जातो. त्याच्या टोकाला निमुळती होत गेलेली सुई असते, ती एकमेव जेटमधून वर सरकते आणि जेवढी हवा वाढली तेवढेच पेट्रोल वाढते. पिस्टन एकदम उसळू नये म्हणून त्याच्या नळकांड्यात थोडे पातळ तेल घालतात. गाडी गचके देऊ लागली की जाणता माणूस आधी ते तेल बघतो.

दोन कार्ब्युरेटर असले की दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. त्यासाठी मापन-यंत्रे मिळतात, पण जुने मालक रबरी नळीचा एक तुकडा घेतात, एक टोक कानाशी आणि दुसरे आधी एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. दोन्हीकडचा सूं-सूं आवाज एका पट्टीत आला की काम झाले. हे मला एका निवृत्त शेजाऱ्याने शिकवले. आमच्या घरी याची टिंगल व्हायची. “अहो, डॉक्टर झालात का?” असे बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारायची. पण दोन्ही कान जुळले की इंजिनाचा आयडलिंगचा ताल असा काही बदलतो, की मग टेस्ट ड्राइव्हच्या नावाखाली दहा मैल हिंडून यायला कुणाची परवानगी लागत नाही.

चाके आऱ्यांची असतील तर हातोडा जवळ हवा. चाक मधल्या एकाच मोठ्या, पंखवाल्या चाकीने घट्ट होते. तिच्यावर तांब्याच्या किंवा चामड्याच्या तोंडाच्या हातोडीने ठोके घालायचे. लोखंडी हातोडी वापरली की क्रोमचे वाटोळे. डाव्या आणि उजव्या बाजूंचे आटे उलट असतात, म्हणजे गाडी पळताना चाकी सैल न होता आवळत राहते. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांनी १९६८पासून ते पंख काढायला लावले. पादचाऱ्याच्या दृष्टीने ठीकच झाले. रूप मात्र गेले.

विजेची गोष्ट काढल्याशिवाय या गाड्यांच्या मंडळींची सभा संपत नाही. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीचे दिवे आणि वायरिंग जवळपास सगळ्यांना असे, आणि लुकासला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणण्याचा विनोद अटलांटिकच्या दोन्ही काठांवर घासून गुळगुळीत झाला आहे. मला तो अन्यायाचा वाटतो. वायरी जोडायला वापरलेली गोळीच्या आकाराची पितळी टोके ओल लागली की काळी पडतात. परतीचा प्रवाह बॉडीच्या पत्र्यातून जातो, आणि तो पत्राच गंजला तर अर्थिंग संपते. चाळीस वर्षे कुणी टोके साफ केली नाहीत तर दोष कारखान्याला कसा द्यायचा? काचकागद आणि थोडे ग्रीस घेऊन शनिवारची एक दुपार बसले, तर निम्मी भुते पळतात. एक पथ्य मात्र पाळावे लागते: १९६७पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले आहे. आजचा रेडिओ त्यावर बेफिकीरपणे लावला, तर धूर निघतो.

पावसाबद्दल काय सांगू! टीआर-३सारख्या गाड्यांना खिडकीच्या काचाच नाहीत. सुटे पडदे दारावर खोचायचे. सुरुवातीच्या काही एमजीबींचा टप सबंध सुटा होऊन डिकीत जातो आणि सर आली की रस्त्याकडेला थांबून आधी सांगाडा उभा करायचा, मग कापड ताणायचे. तोपर्यंत इंग्लंडचा पाऊस बहुधा थांबलेला असतो. म्हणून सराईत लोक थांबतच नाहीत. बरी गती असली की समोरच्या काचेवरून वाऱ्याबरोबर पाऊस डोक्यावरून निघून जातो. सिग्नल लागला की मात्र हिशेब चुकता होतो.

आणि हे सगळे करून मिळते काय? गतीच्या आकड्यांत फारसे काही नाही. एमजीबी ताशी १०० मैलांच्या थोडी वर जाते. आजची पुण्यातली कुठलीही बरी हॅचबॅक तिला मागे टाकेल. पण सीट रस्त्यापासून वीतभर उंच, स्टिअरिंगला मदत करणारी मोटर नाही, पुढच्या चाकाखालचा खडा हाताला कळतो. कॉट्सवोल्डच्या दगडी कुंपणांमधल्या अरुंद रस्त्यावर ताशी ७० किलोमीटरने दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये वळणे घेताना जे वाटते, ते महामार्गावर १५० ला वाटत नाही. कायद्याच्या मर्यादेत राहून मिळणारी मजा, हा या गाड्यांचा सर्वांत मोठा गुण आहे असे मी मानतो. आधुनिक वेगवान गाड्यांकडे नेमका तोच नाही.

त्यांचा खरा शत्रू इंजिन नव्हे, वीजही नव्हे, तो गंज. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. एमजीबीला वेगळी चेसिस नाही. दारांखालच्या पोकळ पट्ट्या, ज्यांना तिथे सिल म्हणतात, त्याच गाडीचा कणा. पाणी आत शिरते, बाहेर पडायच्या भोकात चिखल बसतो आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून रंग चकचकीत. माझ्या गाडीच्या आधीच्या कुणा मालकाने सिलमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वर पुट्टी फासली होती. वेल्डरने तो कागद काढून माझ्या हातात दिला, फुटबॉलची पाने अजून वाचता येत होती.

या घराण्याचा अंत दोन बाजूंनी झाला. १९६८ साली ब्रिटिश लेलँड नावाचा अवाढव्य समूह जन्मला आणि त्यात एमजी, ट्रायम्फ, जॅग्वार, ऑस्टिन सगळे एका छपराखाली आले. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या गाड्या एकाच मालकाच्या झाल्या, नव्या गाडीसाठी पैसा कुणालाच पुरेना. दुसरीकडे अमेरिकेचे नियम कडक होत गेले. १९७४च्या शरदात एमजीबीला काळे रबरी बंपर बसले आणि दिव्यांची-बंपरची उंची नियमात बसवायला अख्खी गाडी इंच-दीड इंच वर उचलली. वळणावर ती झुलू लागली. सप्टेंबर १९७९मध्ये अॅबिंग्डनने आपल्या कारखान्याची पन्नाशी मिरवणूक काढून साजरी केली. तो आठवडा संपताच, सोमवारी, कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. १९८०च्या ऑक्टोबरात शेवटची एमजीबी बाहेर पडली.

मग झाले उलटेच. बनवायच्या थांबल्यावर या गाड्या मिळायला सोप्या झाल्या. जुने साचे सांभाळणाऱ्या ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८पासून मूळ साच्यांवर एमजीबीचे संपूर्ण नवे सांगाडे विकायला काढले. आज एमजीबीचा जवळजवळ प्रत्येक भाग नवा मिळतो, आणि तोही कित्येक आधुनिक गाड्यांच्या भागांपेक्षा स्वस्त. १९८९ साली माझदाने, लोटस एलान या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा बारकाईने अभ्यास करून, एमएक्स-५ आणली. उघडी, हलकी, दोन सीटांची आणि न गळणारी. तिची संख्या २०१६मध्ये १० लाखांवर गेली. म्हणजे गिऱ्हाईक कुठे गेलेच नव्हते.

मालकी हक्कांचा प्रवास आपल्याकडेही येऊन पोचला आहे. जॅग्वार २००८ साली टाटा मोटर्सने, म्हणजे मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीने घेतली. एमजीचे नाव चीनच्या साइककडे गेले आणि २०१९पासून ते गुजरातच्या हलोलमध्ये बनणाऱ्या एसयूव्हींवर झळकते. अॅबिंग्डनशी त्यांचे नाते बिल्ल्यापुरतेच. जुन्या गाड्यांसाठी ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर रस्ता कर माफ होतो, आणि गाडीत मोठे फेरफार केलेले नसतील तर वार्षिक तपासणीही लागत नाही. आपल्या केंद्र सरकारनेही २०२१मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले; त्यांच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात, आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. पेट्रोलकडेही लक्ष हवे. आता त्यात इथेनॉल मिसळलेले असते आणि ते जुने रबरी पाइप आणि डायफ्रॅम खाते. हे भाग नव्या प्रकारच्या रबरात मिळतात, ते आधी बदलावेत.

इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांपैकी कुणाला अशी गाडी घ्यायचा मोह होत असेल, तर एवढे करा. इंजिनाच्या आवाजावर भाळू नका, इंजिन दुरुस्त होते. एक लोहचुंबक खिशात घेऊन जा आणि सिलवरून फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. मग दारांच्या फटी नीट पाहून ठेवा, गाडी सिलच्या मध्यावर जॅक लावून उचला आणि दार उघडून पुन्हा लावून बघा. दार अडकू लागले किंवा फट बदलली, तर मालकाचा चहा पिऊन घ्या आणि व्यवहार न करता घरी या.